विहिरीच्या काठावर खुकरीचा अभ्यास

दारव्ह्याच्या पुढे, अडाण नदीच्या अंगाला आमचं गाव आहे. इथून मुंबईचा समुद्र सहाशे किलोमीटरच्या पलीकडे. गावातल्या निम्म्या लोकांनी तो पाहिलेला नाही, आणि पाहिला त्यांनी चौपाटीच्या वाळूवरून. मी पंधरा वर्षं नौदलात काढली, त्यातली बरीचशी सोनारचे, म्हणजे पाण्यातल्या आवाजावरून पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राचे, हेडफोन कानाला लावून. परत आल्यावर वडिलांची सात एकर कोरडवाहू आणि संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीतली अभ्यासिका, एवढंच माझं जग. अग्निवीर भरतीची तयारी करणारी वीस-बावीस पोरं-पोरी तिथे येतात.

दर डिसेंबरला, कापसाची दुसरी वेचणी चालू असते त्या सुमारास, मी त्यांच्यासमोर एकच प्रकरण पूर्ण उलगडतो. आयएनएस खुकरी या आपल्या युद्धनौकेचं. परीक्षेपुरतं पाहिलं तर ते एका ओळीत संपतं: ९ डिसेंबर १९७१, पाकिस्तानची पाणबुडी हँगोर, १९४ जण शहीद. पोरं ही ओळ घोकून येतात. जहाज बुडालं ही त्यांच्या लेखी एक घटना असते, वीज पडल्यासारखी. मला ते पटत नाही. खुकरीचं नुकसान टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून जाऊन जहाजावर फुटणारं अस्त्र, सुटायच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं, आणि ते कुठे कुठे सुरू झालं हे ज्याला जहाजावर जायचं आहे त्याने बोट ठेवून दाखवलं पाहिजे.

आधीचे सहा दिवस

३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि युद्ध उघड झालं. पुढच्याच रात्री निपात, निर्घात आणि वीर या आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर घाला घातला. त्यात खैबर ही विनाशिका आणि मुहाफिज ही सुरुंग काढणारी नौका बुडाली, दारूगोळा घेऊन आलेलं व्हीनस चॅलेंजर हे व्यापारी जहाजही गेलं. ८ तारखेच्या रात्री विनाश या नौकेने पुन्हा कराची गाठली आणि किनाऱ्यावरच्या तेलटाक्या पेटल्या. पूर्वेला विशाखापट्टणमजवळ गाझी ही पाणबुडी सगळ्या माणसांसह तळाला गेली होती. सगळीकडून जिंकल्याच्या बातम्या येत होत्या. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. चावडीवरच्या रेडिओभोवती जमलेली माणसं आणि टाळ्या, इतकंच मला आठवतं.

पण हँगोर मोकळी होती. फ्रान्सने बांधलेली दाफ्ने वर्गाची ही पाणबुडी पाकिस्तानी नौदलात येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. कमांडर अहमद तसनीम तिचे कप्तान. युद्ध पेटण्याच्या तोंडावर ती मुंबईच्या बाहेर दबा धरून होती आणि आपल्या ताफ्यातली जहाजं तिच्या डोक्यावरून गेली होती. हल्ल्याची आज्ञा तेव्हा तिला मिळालेली नव्हती. पुढे तिने कराचीला पाठवलेले बिनतारी संदेश आपल्या केंद्रांनी पकडले. वेगवेगळ्या केंद्रांतून दिशा जुळवून पाहिल्यावर ती दीवच्या नैऋत्येला असावी असं निघालं. तिला शोधून मारायचं काम १४व्या फ्रिगेट स्क्वॉड्रनवर, म्हणजे लहान युद्धनौकांच्या एका तुकडीवर आलं.

या स्क्वॉड्रनमधली जहाजं तीन: खुकरी, कृपाण आणि कुठार. तिन्ही नावं पात्यांची. पोरांना कुठार म्हणजे कुऱ्हाड हे सांगितलं की नावं कायमची पाठ होतात. त्यातल्या कुठारच्या बॉयलरच्या खोलीत स्फोट झाला आणि तिला मुंबईला आणावं लागलं. म्हणजे शिकारीला तीन निघायची ती दोन निघाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला खुकरीचे कप्तान होते आणि पूर्ण स्क्वॉड्रनचे प्रमुखही.

फळ्यावर मी पहिली खूण इथे करतो, कुठारवर. पाणबुडीच्या शोधात तिसऱ्या जहाजाचं मोल फार असतं. दोन जहाजं असली की एक ऐकतं आणि दुसरं हल्ला करतं. तिसरं असलं तर हल्ल्याच्या गोंधळात निसटलेला आवाज पुन्हा पकडायला एक कान शिल्लक राहतो.

कान

खुकरी १९५८ साली ताफ्यात आली. ब्रिटिशांच्या ब्लॅकवूड वर्गाची, इंग्लंडमध्ये बांधलेली, बाराशे टनांच्या आसपासची लहान फ्रिगेट. खास पाणबुड्या मारायलाच हा वर्ग आखलेला. पण ज्या पाणबुड्या डोळ्यांसमोर ठेवून तो आखला त्या दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पहिल्या पिढीतल्या होत्या. हँगोर पुढच्या पिढीची. ती कमी आवाज करी आणि पुष्कळ लांबचं ऐके.

इथे मी पोरांना खोलीतून उठवून विहिरीवर नेतो. सोनार फळ्यावर समजत नाही.

मे महिन्यात आम्ही एक प्रयोग करून ठेवलेला असतो. दुकानातला साधा तापमापक बाटलीत घालायचा, बाटलीला दगड बांधायचा, बुचाला वेगळी दोरी. बाटली हव्या त्या खोलीवर गेली की बूच ओढायचं, तिथलं पाणी आत शिरतं, आणि वर आणेपर्यंत आकडा फारसा हलत नाही. गेल्या उन्हाळ्यात वरच्या पाण्याला ३१ अंश आले, तळाशी २७. विहिरीत उडी मारणाऱ्या प्रत्येक पोराला हे पायांनी माहीत असतं: छातीला कोमट आणि पायाला गार. समुद्रातही असेच थर असतात. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड हजार मीटर जातो, पण गरम पाण्यात थोडा जास्त आणि थंडात थोडा कमी. त्यामुळे थर बदलला की आवाजाची वाट वाकते, आणि ती वाकते थंड पाण्याकडे, खाली. जहाजाने सोडलेला पिंग, म्हणजे शोधासाठी पाठवलेला आवाज, सरळ न जाता खाली वळतो आणि त्याच्या पुढे सावलीसारखा एक पट्टा उरतो, जिथे आवाज पोचतच नाही. उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यासाठी बनवलेल्या सोनारचा पल्ला आपल्या उष्ण समुद्रात म्हणून कमी पडे.

पाणबुडीला मात्र पिंग सोडायची गरज नसते. ती गप्प पडून ऐकते. जहाजाचा पंखा, यंत्रं आणि वर पिंग, हे सगळं तिच्या कानावर येतं. अंधाऱ्या वावरात बॅटरी घेऊन हिंडणाऱ्याला बॅटरीच्या झोतापुरतं दिसतं, पण बॅटरी कोणाच्या हातात आहे हे धुऱ्याआड बसलेल्याला मैलभरावरून कळतं. रात्री रानडुकरांच्या राखणीला गेलेल्या पोरांना हे उदाहरण लगेच भिडतं.

९ तारखेच्या पहाटेच हँगोरने या दोन जहाजांचा माग घेतला. जहाजांना तिचा पत्ता नव्हता. दिवसभर ती त्यांच्याजवळ सरकायचा प्रयत्न करत राहिली.

बारा नॉट

"सर, मंग वेग काहून कमी ठेवला? जोरात पळायचं ना," हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी कोणीतरी रागावूनच विचारतो.

जहाजं १२ नॉटने चालली होती. ताशी बावीस किलोमीटर, जोरात हाणलेल्या सायकलीइतकं. कागदावर खुकरीचा वेग याच्या दुपटीहून जास्त होता. कमी ठेवला त्याला कारण होतं. सोनारचा पल्ला वाढवण्यासाठी एका तरुण अधिकाऱ्याने तयार केलेली जोडणी खुकरीवर बसवलेली होती आणि युद्धातच तिची चाचणी चालू होती. तिला काम करायला जहाज संथ हवं होतं. तो अधिकारीही त्या रात्री जहाजाबरोबर गेला.

पुढे बऱ्याच लिखाणात सगळा दोष या एका वेगावर आणि त्या जोडणीवर ठेवला गेला. मला त्यात अन्याय वाटतो आणि मी तो पोरांसमोर बोलून दाखवतो. मी स्वतः हेडफोनवर बसलो आहे. जहाजाने वेग घेतला की कानात बाकी काही उरत नाही, स्वतःच्याच तळावरून घासत जाणाऱ्या पाण्याचा खळखळाट तेवढा. अठरा नॉटला तर आपण बहिरेच. म्हणजे जोरात पळा आणि बहिरे व्हा, नाहीतर हळू चाला आणि नेम धरायला सोपे व्हा, या दोन्हींतून एक निवडायचं होतं. कान लहान असल्याशिवाय असा पेच पडतच नाही. कान वाढवायची धडपड करणाऱ्या माणसाला त्याचा दोषी ठरवणं मला जमत नाही.

दुसरी खूण मी वेगावर न करता वाटेवर करतो. शोधाचा मार्ग चौकोनी होता: एका रेषेत जायचं, वळायचं, पुन्हा ठरलेल्या अंतरावर वळायचं. थोडा वेळ लक्ष दिलं की पुढचं वळण कुठे येणार ते ताडता येतं. पाण्याखालची पाणबुडी बॅटरीवर चालते. जोर लावला तर बॅटरी लवकर उतरते, त्यामुळे पळत्या जहाजाचा पाठलाग तिला परवडत नाही. तिला हवं असतं जहाजाने आपल्याकडे चालत येणं. ठरलेला वेग आणि ठरलेलं वळण, दोन्ही मिळून हँगोरला ते मिळालं. संध्याकाळपर्यंत ती त्यांच्या वाटेवर पुढे जाऊन थांबली होती.

तिसरी खूण आकाशात. पाणबुडी शोधायला वरून मदत लागते. सोनार पाण्यात सोडणारं हेलिकॉप्टर असलं तर पाणबुडीला त्याचा ठाव लागत नाही आणि त्याच्यावर टॉर्पेडोही चालत नाही. अशी सी किंग हेलिकॉप्टरं आपल्या नौदलात त्याच वर्षी दाखल होत होती. या दोन जहाजांवर ती उतरायला जागाच नव्हती.

तीन खुणा झाल्या की मी पोरांना विचारतो, आतापर्यंत टॉर्पेडो सुटला का? नाही. मग सांगा, काय काय गेलंय आपलं?

रात्र

सूर्य मावळल्यावर हँगोर इतकी वर आली की पेरिस्कोप, म्हणजे पाण्यावर पाहायची नळी, बाहेर काढता येईल. जहाजांनी दिवे मालवले होते, काही दिसेना. तेव्हा ती पुन्हा खाली गेली आणि नुसत्या आवाजावर नेम धरला. पहिला टॉर्पेडो कृपाणवर सोडला. तो तिच्या खालून निघून गेला आणि फुटलाच नाही. आता हल्ला उघड झाला होता. दुसरा टॉर्पेडो खुकरीवर सुटला आणि तिच्या पोटाखाली फुटला. रात्रीचे पावणेनऊ वाजून गेले होते. दीवपासून जागा साधारण ४० सागरी मैलांवर.

खुकरी काही मिनिटांतच गेली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. ६७ जण वाचले, त्यांत ६ अधिकारी.

कॅप्टन मुल्लांनी आपलं लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला दिलं. जवळच्या माणसांना त्यांनी पाण्यात उतरवलं आणि स्वतः ब्रिजवर, जिथून जहाज चालवतात तिथे, थांबले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. या ठिकाणी खोलीत सगळे गप्प होतात. मीही थोडा वेळ काही बोलत नाही.

मग एखादं पोरगं दबक्या आवाजात विचारतं, "आन् कृपाण? ते निघून गेलं काय?"

हो. तिसरा टॉर्पेडो तिच्या मागे लागला, ती वळली आणि त्या जागेपासून दूर गेली. पाण्यात माणसं होती तरी. दुसऱ्या दिवशी ती आणि कच्छल ही आपली दुसरी युद्धनौका तिथे पोचल्या आणि तरंगणाऱ्यांना वर घेतलं.

हे गिळायला जड आहे हे मला ठाऊक आहे. आमच्या गावात कोणी विहिरीत पडलं तर पोहता न येणाराही दोर घेऊन धावतो. म्हणून मी त्यांना २२ सप्टेंबर १९१४ ची सकाळ सांगतो. उत्तर समुद्रात अबूकीर, हॉग आणि क्रेसी या तीन ब्रिटिश क्रूझर एका रांगेत चालल्या होत्या. जर्मन पाणबुडी यू-९ ने अबूकीरला टॉर्पेडो मारला. आपल्या माणसांना वाचवायला हॉग थांबली, तिला मारलं. मग क्रेसीला. दीड-दोन तासांत तीन जहाजं आणि चौदाशेहून जास्त माणसं गेली. पाणबुडी जवळ असताना थांबलेलं जहाज म्हणजे पुढचं लक्ष्य. कृपाण थांबली असती तर त्या रात्रीचा आकडा १९४ वर राहिला नसता, असं माझं ठाम मत आहे. तिच्या ब्रिजवरच्या माणसांना तो निर्णय आयुष्यभर किती टोचला असेल, तेही मी पोरांना सांगतो.

व्यापारी जहाजाची गत याहून वाईट. त्याच्याजवळ सोनार नाही, बरोबर रक्षक नाही, आणि वर शेकडो उतारू. तिलावा नावाचं जहाज २० नोव्हेंबर १९४२ ला मुंबईहून आफ्रिकेकडे एकटं निघालं. त्यावर ९५८ माणसं होती, बहुतेक आपल्याच देशातली, पोटापाण्यासाठी निघालेली कुटुंबं. २३ तारखेला जपानी पाणबुडी आय-२९ ने त्याला टॉर्पेडो मारला. पहिल्या तडाख्यानंतर जहाज तरंगत राहिलं, म्हणून होडीत उतरलेली काही माणसं परत जहाजाकडे वळली, आणि मग दुसरा टॉर्पेडो आला. २८० जण गेले. वाचलेल्यांना बर्मिंगहॅम या युद्धनौकेने आणि कार्थेज या जहाजाने उचललं. तिलावाची आठवण मी एवढ्यासाठी काढतो की १९७१ ला आपण गणवेशातल्या माणसांचा हिशेब करतो, पण ज्यांनी कोणती लढाई लढायची नव्हती तेही याच पाण्यात गेलेले आहेत.

शिडी

आता माझ्या लेखी या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि लिखाणात सगळ्यात कमी बोलला जाणारा.

लहान फ्रिगेटवर रात्री पावणेनऊला माणसं कुठे असतात? काही पहाऱ्यावर, काही इंजिनाजवळ, बरीचशी खाली मेस-डेकवर, म्हणजे जेवायच्या-झोपायच्या मजल्यावर. वर यायला उभ्या लोखंडी शिड्या आणि एका वेळी एकच माणूस मावेल अशी हॅचची, म्हणजे झाकणाच्या दारांची, भोकं. स्फोटाबरोबर दिवे गेलेले, जहाज कललेलं.

तीन वर्षांपूर्वी आम्ही ग्रामपंचायतीच्या गच्चीवर जाणाऱ्या लोखंडी शिडीवर वेळ मोजायला लागलो. तेरा पायऱ्या, वर चौकोनी झाकण. दिवसाउजेडी बावीस जणांना एकामागून एक वर जायला एक मिनिट लागलं. रात्री दिवे घालवून तेच केलं तर पावणेदोन मिनिटं. तेही शिडी सरळ, कोणी घाबरलेलं नाही, अंगावर पाणी येत नाही आणि कोणाच्याही पायाखाली जमीन कलत नाही. पोरांनी स्वतःच गणित मांडलं. मी काहीच बोललो नाही.

त्या दिवसापासून भरतीत न विचारली जाणारी एक गोष्ट मी शिकवतो. जहाजावर पाऊल टाकल्याच्या पहिल्या दिवशी आपल्या झोपायच्या जागेपासून वरच्या डेकपर्यंत डोळे मिटून जायचं. किती पावलं, कोणत्या हाताला कठडा, कुठे डोकं आपटतं. एक वाट बंद असली तर दुसरी. आमच्या काळी कडक शिस्तीचा एक जुना पेटी ऑफिसर होता, तो आम्हाला डोळ्यांना रुमाल बांधून हे करायला लावी. तेव्हा राग यायचा.

पळस

गेल्या वर्षी एका पोराची आजी त्याला जेवायला बोलवायला आली आणि दारातच बसून राहिली. तास संपला तेव्हा म्हणाली, "बाप्पा, इतके जन गेले आन् एकाचीबी माती नाई भेटली?"

नाही भेटली, आजी. जहाज अजून तिथेच आहे आणि माणसं त्यात आहेत.

"मंग घरच्यायनं काय केलं असंन? पयसाचा केला असंन."

आपल्याकडे देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करतात, ३६० पानं मोजून, आणि त्याला अग्नी देतात. त्याशिवाय दिवस घालता येत नाहीत. आमच्या भागात पळसाला तोटा नाही, फाल्गुनात सगळा माळ पेटल्यासारखा दिसतो. पण पुतळा करायचा म्हणजे आधी माणूस गेला हे मानायचं. घरचं माणूस समुद्रात हरवल्यावर पानं तोडायला पहिला हात कोणाचा उठत असेल? आजी बराच वेळ हेच बोलत होती. नवरा गेल्याचं पत्र वाचून झाल्यावरही बाई दाराकडे पाहतच राहत असंन, म्हणाली.

दीवमध्ये खुकरीचं स्मारक आहे, समुद्राकडे तोंड करून, काचेत ठेवलेल्या जहाजाच्या प्रतिकृतीसह. तेच नाव घेऊन १९८९ साली नवी खुकरी ताफ्यात आली, बत्तीस वर्षं चालली, आणि निवृत्त झाल्यावर तिलाही दीवलाच नेऊन ठेवलं. आजीला मी मोबाइलवर फोटो दाखवला. तिने पडद्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, हे पाणी किती खोल आहे.

यंदा

यंदा वर्गातल्या एका पोरीची नौदलात निवड झाली आहे. ती ओडिशातल्या चिल्काला, नौदलाच्या तळावर, प्रशिक्षणाला जाईल. वडील दुसऱ्यांच्या वावरात सालगडी, आई वेचणीला जाते. ९ डिसेंबरचा तास संपल्यावर बाकीचे विहिरीवरून घराकडे निघाले, ती थांबली. तिने माझ्या तीन खुणा वहीत उतरवल्या होत्या: कुठार, चौकोनी वाट, आकाश. खाली चौथी तिने स्वतः लिहिली होती, शिडी.

"सर, पहिल्या तीन माह्या हातात नाईत ना?"

नाहीत, म्हटलं. अजून खूप वर्षं तुझ्या हातात येणार नाहीत.

तिने ओढणी काढून डोळ्यांना बांधली आणि ग्रामपंचायतीच्या शिडीकडे चालू लागली. मी घड्याळ पाहिलं. सतरा सेकंद. खाली आली, काही न बोलता पुन्हा चढली. अंधार पडेपर्यंत ती नऊ वेळा वर गेली. शेवटच्या वेळी अकरा.